टर्मिनलमधून युजर बदलताना: एसयू, सुडो आणि ती आडवी रेघ

एका लिनक्स मशीनवर दोन-तीन युजर असले की टर्मिनलमध्ये एका नावावरून दुसऱ्या नावावर जायची वेळ येतेच. त्यासाठीची कमांड दोन अक्षरांची आहे, एसयू. तिच्यापुढे आडवी रेघ द्यायची की नाही, इथे बहुतेक जण अडखळतात.

खाली सगळ्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा, जागा आणि चिन्हं जशीच्या तशी ठेवा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

समजा, तुम्ही सागर या नावाने लॉगिन आहात आणि तुम्हाला पल्लवी व्हायचंय:

एसयू - पल्लवी

रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. पासवर्ड विचारला जाईल तो पल्लवीचा, तुमचा नाही. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका, पूर्ण पासवर्ड टाकून एंटर दाबा. आत गेल्यावर हूॲमआय ही कमांड चालवा. उत्तरात पल्लवी आलं की काम झालं. नाव न देता नुसतं एसयू - म्हटलं तर तुम्ही रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर, होता आणि प्रॉम्प्टच्या (कमांडआधी दिसणाऱ्या मजकुराच्या) शेवटी $ च्या जागी # दिसतं. रूट असताना दुसऱ्या कुणाच्याही खात्यात जाताना पासवर्ड विचारला जात नाही.

आता ती रेघ. रेघेशिवाय एसयू पल्लवी म्हटलं तर माणूस बदलतो, बिऱ्हाड जुनंच राहतं. तुम्ही सागरच्याच फोल्डरमध्ये उभे असता, कमांड शोधायचा रस्ता, म्हणजे पाथ, सागरचाच असतो आणि पल्लवीची डॉट-प्रोफाइल (लॉगिनच्या वेळच्या सेटिंगची) फाइल वाचलीच जात नाही. म्हणून एलएस करून फाइलींची यादी मागितली तरी ‘परमिशन डिनाइड’ येऊ शकतं, कारण सागरचं घर, म्हणजे त्याचं होम फोल्डर, पल्लवीला बंद आहे. रेघ दिली की नव्याने लॉगिन केल्यासारखं होतं: घर पल्लवीचं, पाथ पल्लवीचा, सेटिंग पल्लवीची. नेमकं कारण नसेल तर रेघ द्यावीच.

रेघ विसरल्याचा सगळ्यात जास्त त्रास डेबियनवर होतो. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, तिथलं एसयू शॅडो या संचाऐवजी युटिल-लिनक्स या संचातून येतं. पूर्वी नुसत्या एसयूने रूट झालं तरी पाथ रूटचा मिळायचा, आता मिळत नाही. परिणाम असा: एसयू, पासवर्ड बरोबर, समोर #, आणि युजरमॉड (युजरचे गट वगैरे बदलणारी कमांड) म्हटलं की ‘कमांड नॉट फाउंड’. मग लोक पॅकेज पुन्हा टाकत बसतात. कमांड जागेवरच असते, /यूएसआर/एसबिन या फोल्डरमध्ये. साध्या युजरच्या पाथमध्ये ते फोल्डर नसतं एवढंच. एक्झिट करा, एसयू - म्हणा, चालेल.

उबंटूवर गोष्ट वेगळी. तिथे रूटचं खातं मुळातच कुलूपबंद असतं, त्यामुळे एसयू - ला कुठलाही पासवर्ड दिला तरी ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’च येणार. पासवर्ड अस्तित्वातच नाही, तर बरोबर कसा येईल? तिथे सुडो वापरा, म्हणजे रूटच्या किंवा दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवून देणारी कमांड:

सुडो -आय

यात पासवर्ड तुमचा स्वतःचा लागतो. एकदा दिला की उबंटूवर त्या टर्मिनलमध्ये १५ मिनिटं पुन्हा विचारला जात नाही (सुडोची मूळ मुदत ५ मिनिटांची आहे). मशीन सोडून उठताना सुडो -के म्हणा, ती सवलत लगेच संपते. बऱ्याच ठिकाणी सुडो एसयू - असं लिहिलेलं दिसतं. चालतं, पण तो द्राविडी प्राणायाम आहे.

रूट नको, दुसऱ्याच युजरच्या नावाने एखादी कमांड चालवायची असेल तर सुडो -यू आणि पुढे नाव. पोस्टग्रेस डेटाबेस बसवला की त्याचा पोस्टग्रेस नावाचा युजर तयार होतो. त्याला सहसा पासवर्ड नसतो, म्हणून एसयू तिथे थेट उपयोगी नाही. सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल म्हटलं की आधी एक इशारा येतो: तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये शिरता आलं नाही, ‘परमिशन डिनाइड’. घाबरू नका, डेटाबेस उघडतो. तुम्ही उभे आहात ते फोल्डर पोस्टग्रेसला वाचता येत नाही, एवढीच त्याची तक्रार आहे. ती नको असेल तर त्याच्या घरातूनच सुरुवात करा:

सुडो -आय -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल

वेब सर्व्हरच्या खात्यात शिरायला गेलात तर ‘धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल’ दिसेल. खातं चालू असतं. त्याची शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) मुद्दाम नोलॉगिन, म्हणजे आत येऊ न देणारी, ठेवलेली असते. ती कायमची बदलू नका. एका कामापुरतं सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (डेबियन-उबंटूवर वेब सर्व्हरच्या युजरचं नाव) आणि पुढे कमांड एवढं पुरतं. आत बसूनच काम करायचं असेल तर रूट होऊन एसयू -एस /बिन/बॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा.

‘नॉट इन द सुडोअर्स फाइल’ आलं तर तुम्हाला सुडोचा परवानाच नाही (सुडोअर्स ही त्या परवान्यांची फाइल). डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला की पहिला युजर सुडो गटात घातला जात नाही, म्हणून तिथे हा संदेश हमखास येतो. एसयू - करून रूट व्हा आणि

युजरमॉड -एजी सुडो सागर

इथे ए छोटा, जी मोठा. फेडोरावर गटाचं नाव सुडो नाही, व्हील आहे. तो छोटा ए गाळलात तर सागर सुडो सोडून बाकी सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी, डॉकर किंवा प्रिंटर अडला की. गट बदलल्यावर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. आयडी कमांडमध्ये सुडो दिसायला हवं. ते तपासून होईपर्यंत रूटचं टर्मिनल बंद करू नका. सुडोअर्स फाइलला हात लावायचा असेल तर फक्त व्हीसुडो या तिच्यासाठीच्या खास कमांडने. साध्या एडिटरने एखादी खूण चुकली तर सुडोच चालेनासं होऊ शकतं. व्हीसुडो सेव्ह करताना चूक दाखवतं.

सुडो असूनही ‘परमिशन डिनाइड’ येण्याची एक ठरलेली जागा आहे. सुडो इको काहीतरी > /ईटीसी/फाइल यात सुडो लागू होतं फक्त इकोला, म्हणजे मजकूर छापण्याला. > ने फाइल उघडण्याचं काम तुमची साधी शेल करते, आणि तिला परवानगी नसते. त्याऐवजी इको काहीतरी | सुडो टी /ईटीसी/फाइल. टी (इंग्रजीत टी-ई-ई) मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिते, पण आधीचा मजकूर पुसते. शेवटी भर घालायची असेल तर टी -ए.

परत येताना एक्झिट म्हणा किंवा कंट्रोल आणि डी दाबा. सागरवरून पल्लवी झालात आणि परतायला पुन्हा एसयू - सागर म्हटलंत तर तुम्ही परत आला नाहीत, तिसऱ्या मजल्यावर चढलात. खाली पल्लवीची शेल उघडीच राहिली आणि टर्मिनलपाशी जो बसेल तो एका एक्झिटने तिच्या खात्यात. किती मजले झालेत ते पीएसट्री -एस $$ दाखवतं. बॅश, एसयू, बॅश, एसयू अशी साखळी दिसेल.

एक जागा अशी आहे जिथे रेघ देऊनही भागत नाही. पल्लवी होऊन सिस्टिमसीटीएल --युजर (युजरच्या स्वतःच्या सेवा सांभाळणारी कमांड) चालवलं की ‘फेल्ड टू कनेक्ट टू बस’ येतं, कारण एसयूने पल्लवीचं खरं लॉगिन सत्र सुरू होत नाही. त्यासाठी सुडो मशीनसीटीएल शेल पल्लवी@ वापरा, शेवटच्या @ सकट. डेबियन-उबंटूवर ही कमांड सापडली नाही तर सिस्टिमडी-कंटेनर पॅकेज टाकावं लागतं.