जुन्या आलिशान गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी हवेची वाट तपासा

रत्नागिरी-मालवणच्या बाजूला जपून ठेवलेली एखादी जुनी मर्सिडीज किंवा रोल्स-रॉईस गार हवा देईनाशी झाली, की पहिला सल्ला ‘गॅस भरून घ्या’ असाच मिळतो. तो पुष्कळदा घाईचा ठरतो, कारण या गाड्यांत गारवा तयार होणे आणि तो आपल्यापर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामातला बिघाडही गॅस संपल्यासारखाच जाणवतो.

तपासणी हवा आत शिरते तिथून सुरू करावी. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीपाशी गाडी धावताना हवेचा दाब वाढतो आणि मागच्या फटींतून आतली हवा बाहेर पडते, म्हणून पंखा बंद असतानाही गाडीत वारा खेळतो. आंब्याफणसाखाली उभ्या गाडीच्या या जाळीत पातेरा साचतो, पाणी वाहून नेणारी भोके बुजतात आणि पावसात पाणी थेट ब्लोअरपर्यंत, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत, जाऊ शकते. मृगाआधी ही भोके मऊ नळीने मोकळी करावीत आणि तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडते का, हे पाहावे. कूलिंग कॉइलच्या निचऱ्याची नळीही पाहावी. आपल्या दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलेच पाहिजे.

यानंतरचा भाग मला या गाड्यांतला सर्वांत देखणा वाटतो. ठरवलेले तापमान यंत्रणेने स्वतः राखावे, ही सोय कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलांत ‘कम्फर्ट कंट्रोल’ या नावाने आणली. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत हवेची दारे मोटरने नव्हे, तर इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कमी दाबाने, हलतात. पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांतून) मिळतो, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. डॅशबोर्डमागच्या बारीक नळ्या कडक होऊन तडकल्या किंवा दार ओढणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला, की दारे स्प्रिंगच्या जोराने मूळ जागी जातात, आणि ती जागा बहुधा काचेकडे किंवा पायाकडे हवा सोडणारी असते. इंजिन सुरू ठेवून हवेची दिशा बदलावी. झोत बदलत नसेल आणि आत सूं असा आवाज येत असेल, तर गॅसकडे वळूच नये. व्हॅक्यूमच्या हातपंपाने एकेक डायफ्रॅम ओढून पाहावा. ओढलेला व्हॅक्यूम टिकला नाही, तर तो डायफ्रॅम बदलावा.

हीटरमध्ये इंजिनाचे गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्हही असाच फसवतो. मर्सिडीजच्या १२३ मालिकेत वीज मिळाली तरच हा व्हॉल्व्ह बंद होतो. वीज तुटली किंवा आतला डायफ्रॅम फाटला, तर गरम पाणी हीटरमधून वाहत राहते आणि चांगला एसीही हरतो. इंजिन तापल्यावर तापमान सर्वांत थंडावर ठेवावे, इंजिन बंद करून हीटरच्या दोन्ही पाइपांना सावधपणे हात लावावा. दोन्ही चटका देत असतील, तर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा.

एवढे ठीक असेल तरच गॅसकडे यावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांचे एसी आर-१२ या गॅसवर चालत. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याची जागा आर-१३४ए ने घेतली, परंतु आर-१२ चे खनिज तेल या नव्या गॅसबरोबर नीट मिसळत नाही. म्हणून बदल करताना जुने तेल काढून सुसंगत तेल घालणे आणि ओ-रिंगा (सांध्यांतली रबरी कडी) व ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) बदलणे आवश्यक आहे. जुना गॅस हवेत सोडू नये. तो यंत्राने काढून घेणाऱ्या गॅरेजातच काम करावे. आपल्या हवेत उघडी राहिलेली पाइपलाइन लवकर ओल धरते, त्यामुळे ड्रायर शेवटी बसवावा आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवावा. दाब उतरला की आतले पाणी साध्या तापमानालाही उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते.

पावसाळ्यात काच आतून धुरकटली, तर एसी चालू ठेवूनच तापमान थोडे वाढवावे. कॉइलवर हवेतली ओल गळते आणि हीटर ती कोरडी हवा ऊबदार करतो. काच बाहेरून धुरकटली, तर थंड झोत काचेवरून हटवावा आणि वायपर फिरवावा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी कंडेन्सरवरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूच्या एसीच्या जाळीवरचा, खार गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. गाडी उभीच असली, तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहते.