काय वाटतंय ते कळत नसेल, तर आधी शरीर तपासा

शर्टाचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज सहन होत नाही. पण 'काय वाटतंय?' विचारलं की 'काही नाही' एवढंच तोंडातून निघतं. भावना अशा ओळखू न येण्याला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात अ‍ॅलेक्झिथिमिया हे नाव दिलं. संवेदना जोरात येते, अर्थ लागत नाही, असं दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी दोन मिनिटं बसा. भावनेचं नाव शोधू नका. जबडा, छाती, पोट, तळहात या क्रमाने जात साधे शब्द लिहा: घट्ट, गरम, जड, धडधड. पुढे ते किती तीव्र आहे याचा ० ते १० मधला आकडा. मग आधी भूक, लघवी, चहा, उकाडा, गोंगाट, अपुरी झोप तपासा. गडबड बहुधा इथेच होते: तिसऱ्या चहानंतरची धडधड भीती वाटते, आणि राग अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेतली जाते. यातलं काहीच नसेल, तर मागच्या तासाभरात काय घडलं ते लिहा.

पॅनिकचे झटके येत असतील तर छाती वगळा, तळपायांपासून सुरू करा. हृदयाकडे लक्ष दिल्याने घाबरणं वाढू शकतं. छातीत नव्याने दुखत असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.