अमेरिकेच्या साउथमध्ये कंपन्या का येत नाहीत, ते जागेवर जाऊन कसं ओळखायचं

ओळखीतले दोन-तीन जण सध्या अमेरिकेत छोटं युनिट टाकायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की मिसिसिपी, अलाबामा, लुईझियाना इतकं स्वस्त आहे, जमीन स्वस्त, मजूर स्वस्त, युनियनची कटकट नाही, टॅक्स माफ, तरी तिकडे कंपन्यांची रांग का लागत नाही? एका पार्ट्स सप्लायरसाठी मी काही वर्षं तिकडे जागा बघत फिरलोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी 'राज्य' हा शब्द डोक्यातून काढून टाका आणि काउंटी, म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग, बघा. साउथमध्येच टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना जोरात चाललेत, म्हणजे उन्हाचा, दमटपणाचा किंवा 'तिकडचे लोक आळशी' वगैरे फालतू कारणांचा प्रश्न मिटला. एकट्या मिसिसिपीतसुद्धा कोलंबस, स्टार्कव्हिल, वेस्ट पॉइंट या पट्ट्यात, ज्याला गोल्डन ट्रँगल म्हणतात, स्टील मिल आहे, हेलिकॉप्टर बनतात, टायरचा कारखाना आहे, आणि पश्चिमेला डेल्टात, म्हणजे मिसिसिपी नदीकाठच्या सपाट भागात, गेलात की मैलोन् मैल शेती आणि बंद दुकानं. कायदे तेच, टॅक्स तोच, गव्हर्नरही तोच. मग फरक कशात? गोल्डन ट्रँगलजवळ मोठी युनिव्हर्सिटी आहे, ट्रेनिंग देणारं कम्युनिटी कॉलेज आहे आणि जमीन, वीज, रस्ता आधीपासून तयार ठेवलेला होता.

आता राज्यं कंपन्यांना बोलवायला काढतात ते ब्रोशर हातात घ्या, त्यात जे जे स्वस्त लिहिलंय ते उलटं वाचा. मिसिसिपीने १९३६ मध्ये सरकारी बाँड काढून कंपन्यांना कारखाने बांधून द्यायची योजना आणली, म्हणजे हा 'या, आम्ही स्वस्त आहोत'चा धंदा नव्वद वर्षांचा आहे. त्याच्याही आधीपासून कापड गिरण्या ईशान्येकडचा न्यू इंग्लंड भाग सोडून साउथला येत होत्या, कारण मजुरी कमी. पण जो स्वस्त म्हणून येतो तो आणखी स्वस्त मिळालं की जातो, १९९४ ला नाफ्टा, म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार आला, २००१ ला चीन डब्ल्यूटीओ या जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि गावंच्या गावं रिकामी झाली. मागे राहिले मशीन चालवायला शिकलेले पण बाकी फारसं शिक्षण नसलेले लोक, कारण गिरणी चालू असताना शाळेवर खर्च करायची घाई कुणालाच नव्हती.

टॅक्स माफीचंही तसंच. अमेरिकेत शाळेचा बराच पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. लुईझियानात कित्येक दशकं राज्याचं एक बोर्ड कारखान्यांना दहा-दहा वर्षं तो टॅक्स माफ करायचं आणि ज्या स्कूल बोर्डाचा पैसा जायचा त्याला कुणी विचारायचंही नाही, २०१६ मध्ये कुठे त्यांचं मत घ्यायला सुरुवात झाली. तुम्ही काय करायचं, तर त्या काउंटीचा किंवा शाळेचा वार्षिक फायनान्शियल रिपोर्ट उघडायचा आणि मागच्या नोट्समध्ये 'टॅक्स अबेटमेंट', म्हणजे टॅक्स माफी, शोधायचं. गॅसबी ७७ या अकाउंटिंगच्या नियमामुळे सवलतीत किती टॅक्स बुडाला ते तिथे लिहावं लागतं. तो आकडा मोठा आणि शाळेचे निकाल वाईट असतील तर तुम्हाला पाच वर्षांनी सुपरवायझर कुठून मिळणार ते आत्ताच विचारून घ्या.

माणसांचं बघताना बेरोजगारीच्या दरावर जाऊ नका, तो फसवतो. जे काम शोधायचंच थांबलेत ते त्यात मोजलेच जात नाहीत. 'लेबर फोर्स पार्टिसिपेशन' बघा, म्हणजे सोळा वर्षांवरचे किती टक्के लोक काम करतात किंवा शोधतात. यात मिसिसिपी देशात अगदी तळाला असतं, तिथे पंचावन्नच्या आसपास टक्के लोक कामाच्या बाजारात, देशात साधारण बासष्ट. मागे आजारपण आहे, अपंगत्व आहे, गाडी नसणं आहे. मिसिसिपी आणि अलाबामाने मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, जास्त लोकांपर्यंत वाढवलाच नाही, त्यामुळे कमी पगाराचा माणूस डायबेटिस अंगावर काढतो आणि चाळिशीतच कामातून जातो. मिसिसिपीने २०१३ नंतर लहान मुलांच्या वाचनावर मेहनत घेतली आणि चौथीचे निकाल खरंच वर आले, पण ती मुलं कामाला यायला वेळ आहे.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका रिकाम्या शेडने. साउथमध्ये बऱ्याच काउंटी स्वतःच्या पैशाने शेल बिल्डिंग बांधून ठेवतात, भिंती आणि छप्पर तयार, जमिनीला काँक्रीट नाही, नुसती खडी, कारण येणाऱ्याला जाड फ्लोअर लागेल की साधा ते माहीत नसतं. मी गेलो ती तशीच होती, आत खडीतून गुडघाभर गवत उगवलेलं. दाखवायला आलेला माणूस खूप गोड बोलत होता, गव्हर्नर स्वतः फोन करतील म्हणाला. मी विचारलं, सकाळच्या शिफ्टला माणसं किती लांबून येतील? म्हणाला पंचेचाळीस मिनिटं, सहज. बस आहे का? तर हसला. शेड फुकट मिळत होती, पण गाडी बंद पडलेला माणूस त्या दिवशी कामाला येणारच नाही हे त्या हसण्यात कळलं.

पाणी आणि विमा मात्र विसरू नका. मिसिसिपीची राजधानी जॅक्सन, तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये दीडेक लाख लोकांना पिण्याचं पाणी राहिलं नव्हतं. लुईझियानात २०२० आणि २०२१ च्या वादळांनंतर विमा कंपन्या एकामागून एक बुडाल्या, म्हणून जमिनीची किंमत विचारायच्या आधी विम्याचं कोटेशन मागवा.

राजकारणाचाही खर्च लागतो, कुणी मानो न मानो. १९५० मध्ये अलाबामातलं बर्मिंगहॅम आणि जॉर्जियातलं अटलांटा लोकसंख्येने जवळपास सारखीच होती, दोन्हीकडे तीन लाखांच्या वर. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये आंदोलक मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले ते जगभर दिसलं, अटलांटाच्या पुढाऱ्यांनी मात्र धंद्यासाठी का होईना तडजोड केली. पुढचं अंतर फक्त त्यामुळेच पडलं असं नाही, विमानतळ वगैरेही आहे, पण ते फोटो पुसले गेले नाहीत. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने ट्रान्सजेंडर लोकांच्या बाथरूम वापरण्यावर बंधन घालणारा कायदा केला तेव्हा पेपॅलने शार्लटमधला चारशे जॉबचा प्लॅन रद्दच केला.

शेवटी करार. सवलत देऊन कंपनी आणली की मर्सिडीजच येते असं नाही. अलाबामाने १९९३ मध्ये पंचवीस कोटी डॉलर देऊन मर्सिडीज आणली, ते चाललं. मिसिसिपीने मात्र राज्याच्या हमीवर बीफ प्लांट उभा केला, तो २००४ मध्ये काही महिन्यांतच बंद पडला आणि कर्ज लोकांच्या डोक्यावर आलं. म्हणून आता बरीच राज्यं करारात क्लॉबॅक टाकतात, जॉब दिले नाहीत तर सवलत परत. सही करताना बघा की जॉबचा आकडा कोणत्या तारखेला मोजणार आहेत आणि त्यात टेंपररी एजन्सीची माणसं धरतात का.