पुण्यातून व्यावसायिक फिरकी गोलंदाज कसे व्हावे

वेगवान गोलंदाज विशीच्या आतच निवड समितीच्या नजरेत भरतो. फिरकी गोलंदाजाची कला पिकायला मात्र बराच अधिक काळ लागतो. सोळाव्या वर्षी संघात जागा मिळाली नाही म्हणून फलंदाजीकडे वळणारी मुले पुण्याच्या मैदानांवर दरवर्षी दिसतात, आणि त्यांतल्या काहींनी फार लवकर हार मानलेली असते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे चेंडू जोरात फिरवण्यासाठीच राखून ठेवावीत. टप्पा आणि दिशा सरावाने पुढे येतात, पण लहानपणी सपाट, वेगात चेंडू टाकायची सवय लागली की नंतर बोटांत फिरकी आणणे फार अवघड जाते. शालेय सामने जिंकण्याच्या घाईत ‘फक्त यष्टीत टाक’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाचे या एका बाबतीत ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑफस्पिनसाठी, म्हणजे बोटांनी फिरवून उजव्या फलंदाजाच्या आत वळवायच्या चेंडूसाठी, तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवे, एकमेकांपासून जमेल तितके लांब ठेवावे आणि चेंडू सोडताना तर्जनीने शिवण ओढावी. उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणाऱ्या लेगस्पिनमध्ये हेच काम मुख्यतः अनामिका करते आणि जोर मनगटातून येतो. रोज लेदर चेंडूने सराव सुरू झाला की ऑफस्पिनरच्या तर्जनीच्या पेरावर, शिवण घासते त्याच जागी, घट्टा पडतो. तो फार जाड झाला तर ऐन सामन्यात फाटतो आणि मग चेंडू नीट धरताच येत नाही. त्यामुळे तो अधूनमधून बारीक कानशीने घासून सपाट ठेवावा आणि तिथली कातडी फार ओलसर राहू देऊ नये. रिकाम्या वेळीही, अगदी बसची वाट पाहतानासुद्धा, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत उडवण्याची सवय लावून घ्यावी.

त्यानंतर चेंडूला उंची देणे शिकावे. चेंडूला पुढच्या दिशेने भरपूर फिरकी दिलेली असेल, तर तो हवेत अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो आणि पुढे सरसावलेला फलंदाज फसतो. यासाठी नेट्समध्ये फलंदाजाच्या काही पावले पुढे, त्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी वर, एक दोरी आडवी बांधावी आणि प्रत्येक चेंडू तिच्यावरून जाऊन चांगल्या टप्प्यावर पडेल असा प्रयत्न करावा. त्याच काळात बाजूने चलचित्रण करून कोपर तपासून घ्यावे, कारण चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होणे आंतरराष्ट्रीय नियमांना मान्य नाही. हा दोष लहानपणी सुधारणे सोपे असते. कारकीर्द उभी राहिल्यावर तो उघडा पडला तर सगळी शैलीच बदलावी लागते.

खेळपट्टी वाचायला शिकण्यासाठी पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावरचे दोन कसोटी सामने मुद्दाम अभ्यासावेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ’कीफने तिथे ७० धावांत १२ बळी घेतले. हातभर वळणाऱ्या चेंडूंनी फलंदाज नुसते चकत होते, पण बळी मिळवून देण्यात न वळता सरळ आलेल्या चेंडूंचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ बळी घेतले, तेही प्रामुख्याने वेगातील बदलाच्या जोरावर. पहिल्या डावात विराट कोहली तर त्याच्या फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता आलेल्या चेंडूवर, त्रिफळाचीत झाला! म्हणजे खेळपट्टी कितीही मदत करत असली, तरी फलंदाजाचा अंदाज चुकवणे हेच खरे काम उरते.

क्लब निवडताना नाव किंवा सुविधा पाहण्याआधी, सामन्यात आपल्याला किती षटके टाकायला मिळतील, याची चौकशी करावी. डेक्कन जिमखाना, पीवायसी हिंदू जिमखाना, पूना क्लब अशा जुन्या संस्थांत दर्जेदार फलंदाज भेटतात, पण तिथे बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबात दिवसभर गोलंदाजी करणे कधीही चांगले. याच शहरात जुन्या काळचे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर मैदानाची निगा राखता राखता नेट्समध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना तासन्‌तास चेंडू टाकत घडले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

पुढची वाट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निवड चाचण्यांतून जाते. मुंबई आणि विदर्भाचे संघ वेगळे असले, तरी नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव अशा जिल्ह्यांतले गोलंदाज याच एका संघासाठी झगडतात, हे ध्यानात ठेवावे. मुलांसाठी १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील विनू मांकड आणि कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडक आणि मग रणजी, असा हा क्रम आहे. जन्मदाखला चोख हवाच, शिवाय १६ वर्षांखालील खेळाडूंचे वय हाताच्या एक्स-रेवरूनही पडताळले जाते. मुलींसाठीही जिल्हा आणि राज्य पातळीवर वयोगटांचे संघ आहेत. पुण्याची लेगस्पिनर देविका वैद्य भारताकडून खेळली आहे. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो, म्हणून मुलींनी सराव त्याच चेंडूने करावा.

पैशाचा विचार आधीच केलेला बरा. २०२१-२२ च्या हंगामापासून लागू झालेल्या दरांनुसार रणजीच्या अंतिम अकरांत असलेल्या खेळाडूला, त्याने खेळलेल्या सामन्यांच्या संख्येनुसार, दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळू लागले आणि राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. पण हंगाम काही महिन्यांचाच असतो आणि संघात दोन-तीनच फिरकी गोलंदाज लागतात. म्हणून पदवी पूर्ण करावी, रेल्वे किंवा सैन्यदलांसारख्या स्वतःचे संघ असलेल्या ठिकाणी खेळाडूंच्या भरतीवर लक्ष ठेवावे, आणि खालच्या क्रमांकावर येऊन तीस-चाळीस धावा काढता येतील इतकी फलंदाजी शिकून घ्यावी, कारण दोन तुल्यबळ फिरकी गोलंदाजांतून एकाला निवडायची वेळ आली की निवड समिती त्यांच्या धावाही पाहते.