दोन शाळांमधली पत्रमैत्री: मुलांकडून खरंखुरं पत्र कसं लिहून घ्यायचं

पत्रमैत्रीचा उपक्रम म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर जे फिरत असतं ते बहुतेक एकाच साच्याचं असतं. फळ्यावर पत्राचा नमुना द्या, सुंदर अक्षरात लिहून घ्या, पाकिटं सजवा, पेटीत टाकताना फोटो काढा, झालं. उत्तर आलं का, आलं तर त्यात काय होतं, पुढचं पत्र गेलं का, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण बहुतेक ठिकाणी पुढचं पत्र जातच नाही. मी बीड जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते आणि सिंधुदुर्गातल्या एका शाळेशी आमची पत्रमैत्री बरीच वर्षं चालू आहे. त्यात जे टिकलं तेवढंच इथे सांगते.

समोरची शाळा

आपल्याच केंद्रातली, म्हणजे आसपासच्या गावांच्या शाळांच्या गटातली, शाळा घेऊ नका. मुलांना तिथलं सगळं आधीच माहीत असतं, मग विचारायला उरतं काय? डी.एड.च्या बॅचचा ग्रुप असतो, आंतरजिल्हा बदलीने लांब गेलेले ओळखीचे असतात, त्यांना विचारा. पाऊस, पीक, जेवण, बोली यातलं काहीतरी वेगळं असेल असा जिल्हा बघा. आणि समोरच्या सरांकडून किंवा मॅडमकडून एकच कबुली घ्या, पत्रं मिळाल्यावर 15 दिवसांत उत्तरं निघतील. शाळा चांगली आहे की नाही, डिजिटल आहे की नाही, याने काही फरक पडत नाही, समोरचा माणूस वेळ पाळणारा आहे का एवढंच बघायचं.

वेळ

पहिलं पत्र जुलैत, दुसरं ऑगस्ट-सप्टेंबरात, तिसरं दिवाळीच्या सुट्टीआधी. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात सुरुवात करायची म्हटली तर अर्धा वर्ग जागेवर नसतो. तुमच्याकडे वीटभट्टी असेल, मासेमारी असेल, त्याप्रमाणे आधी कॅलेंडर घेऊन बसा.

जोड्या

हजेरी क्रमांकाने लावल्या तरी चालतात. दोन्हीकडचा पट सारखा नसतोच, तेव्हा ज्यांना लिहायचा कंटाळा नाही अशा दोघा-चौघांना दोन-दोन मित्र द्या.

पहिलं पत्र

इथेच घोडं अडतं, आणि माझंही इथेच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलांना कागद देऊन म्हणा मित्राला पत्र लिहा, काय येतं? "मी मजेत आहे. तू मजेत आहेस ना? माझा अभ्यास चांगला चालू आहे. तुझा अभ्यास कसा चालू आहे? आईबाबांना नमस्कार सांग." अख्ख्या वर्गाचं हेच. तिकडच्या मुलांच्या हातात ही पत्रं पडणार, त्यांच्याकडून हेच परत येणार, आणि दुसऱ्या पत्राला कोणाच्याच हातात पेन्सिल हलणार नाही. यावर लोक सांगतात की नमुना चांगला द्या. नमुना चांगला दिला की नक्कल चांगली येते, पत्र येत नाही. रंगीत कागद, स्केचपेन, बॉर्डर यांनीही काही होत नाही, मुलं तासभर बॉर्डरच काढत बसतात आणि मधे त्याच चार ओळी.

असं होतं कारण मुलाने आजवर शाळेत जे लिहिलं ते सगळं मॅडमने तपासण्यासाठी लिहिलंय. पत्रही त्याच्या लेखी मॅडमसाठीच असतं. पलीकडे खरोखर एक मुलगा किंवा मुलगी बसलीय आणि तिला हे वाचायचंय, हे त्याला पटल्याशिवाय पेन्सिल कागदाला लावू द्यायची नाही.

ते कसं करायचं, तर आधी समोरच्या शिक्षकांकडून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागवा. मुलांचे चेहरे नकोत, स्वागतगीत तर अजिबात नको. शाळेकडे येणारा रस्ता, खिडकीतून काय दिसतं, पाऊस कौलांवर कसा वाजतो, खिचडी शिजते ती जागा, एवढंच. तो वर्गात लावला की प्रश्न सुटतात बघा. तिकडे बैल का दिसत नाहीत, रस्ता लाल का आहे, एवढ्या पावसात शाळा भरते का, खेकडा चावतो का. हे प्रश्न मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचे. फक्त प्रश्न. पत्राचं एकही वाक्य फळ्यावर लिहायचं नाही, "प्रिय मित्र" सुद्धा नाही, कारण फळ्यावर जे दिसेल ते सगळ्यांच्या वहीत उतरणारच.

मग मुलांना बाहेर काढा. प्रत्येकाने शाळेच्या आवारात किंवा कुंपणापलीकडे दिसणारी एक गोष्ट निवडायची, तिच्यापाशी जाऊन उभं राहायचं, नीट बघायची, हात लावून बघायची. हापसा, बोरीचं झाड, किराणा दुकानाची पाटी, शाळेच्या पायरीवर झोपणारं कुत्रं, काहीही. वर्गात परत आलं की त्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा, जो हो किंवा नाही म्हणून संपणार नाही आणि ज्याचं उत्तर त्या तिकडच्या मुलालाच देता येईल. "तुझी शाळा कशी आहे" हा प्रश्न मी चालू देत नाही. "तुमच्या शाळेच्या मागे गेलं की काय लागतं" हा चालतो.

माझ्याकडच्या तिसरीतल्या एका मुलाचं पत्र असं होतं: "शाळेमागं बोरीचं झाड हाय. बोरं आंबट हायेत पण मीठ लावून आम्ही खायलोत. मॅडम म्हणल्या मीठ समुद्रातून येतं. तू समुद्राचं पाणी चाटून बघितलंस का? कसं लागतं ते सांग." एवढंच, बाकी काही नाही. याला उत्तर येणार नाही असं होऊच शकत नाही. तिकडून दोन पानं आली, पाणी तोंडात गेलं तर घशाशी कसं लागतं, पोहून आल्यावर अंगावर मीठ कसं पांढरं दिसतं आणि आजी भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ कशी सांगते, सगळं.

आता तपासण्याचं. लाल पेन लावू नका. मी हे हात जोडून सांगते. मुलाने मन लावून लिहिलेल्या पत्रावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा केल्या की ते पत्र परत तुमचं झालं, त्याचं राहिलं नाही, आणि फेअर करून लिही म्हटलं की पुढच्या वेळी तो तीन ओळींच्या वर जाणार नाही, कारण जास्त लिहिलं की जास्त उतरवावं लागतं हे त्याला कळलेलं असतं. शुद्धलेखनाला इतर तासिका आहेत. पत्राच्या वेळी मी फळ्याचा एक कोपरा मोकळा ठेवते, ज्याला शब्द अडला त्याने विचारायचा, मी तो तिथे लिहिते, ज्याला हवा तो बघून लिहितो. एखादं वाक्य मलाच कळलं नाही तर मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगते, नव्वद टक्के वेळा वाचता वाचता तोच सुधारतो. बोलीला तर हातच लावायचा नाही. आमची पोरं "खायलोत" लिहितात, तिकडून "माका गावला" (मला मिळालं) येतं, दोन्ही जसंच्या तसं जाऊ दे, मुलं एकमेकांचं बरोब्बर समजून घेतात, आणि नाही समजलं तर पुढच्या पत्राला प्रश्न मिळतो.

ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं आणि सांगायचं, तुम्ही खाली लिहायचं. पण तो म्हणाला तेच लिहायचं, तुमच्या भाषेत बसवून नाही. आणि हे पत्र बाकीच्यांच्या पत्रांसारखंच घडी घालून जाणार, त्याला वेगळी फाइल नको.

वाचायचं मात्र प्रत्येक पत्र, जाणारंही आणि येणारंही, आणि मी वाचणार आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. घरचा पत्ता, फोन नंबर लिहू द्यायचा नाही, पत्ता फक्त शाळेचा. कधी कधी मूल पत्रात असं काही लिहून जातं जे त्याने तोंडाने कोणाला सांगितलेलं नसतं, घरात मारहाण होते, कोणी त्रास देतं. असं पत्र पुढे पाठवायचं नसतं आणि कपाटातही ठेवायचं नसतं. त्याच दिवशी त्या मुलाशी एकटं बसून बोला, मुख्याध्यापकांना सांगा, गरज वाटली तर 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

पाठवणं

सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवा, कुठे पोचलं ते कळतं. साध्या टपालाने पावसाळ्यात पाठवून मग वाट बघत बसण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा मात्र प्रत्येकाचं वेगळं पोस्टकार्ड जाऊ दे. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं, आणि मुलाने स्वतः पत्ता लिहून लाल पेटीत टाकणं हे एकदा तरी व्हायलाच हवं. गावात शाखा डाकघर असेल तर डाकसेवकांना वर्गात बोलवा, मुलं त्यांना सोडत नाहीत.

पत्ता लिहायच्या दिवशी पिनकोड शिकवून टाका. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला आणि तो आणला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र-गोव्याचा 4, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचाही 4. पहिले तीन आकडे पत्रांची वर्गवारी होते त्या भागाचे. आमचा 431, मग परभणी, जालना, नांदेडचे पिनकोड काढून बघायला लावायचे, तिकडेही 431. सिंधुदुर्गाचा 416 तसाच कोल्हापूर-सांगलीलाही. मुलं मग घरातलं लाइटबिल, आधार कार्ड, दुकानातल्या पुड्या सगळीकडे आकडे शोधत फिरतात, नकाशा आपोआप होतो.

पाकिटात खाऊ घालू नका. तिकडून एकदा हौसेने कोकमाची सोलं आली आणि सगळी पत्रं लालभडक होऊन चिकटून बसली. वाळलेलं पान, कापसाचं बी, चिंचोका, वाळूची छोटी पुडी, एवढंच ठीक आहे.

उत्तरं आली की

एकाही मुलाला "तुझं पत्र नाही आलं" असं ऐकावं लागता कामा नये. पाकीट मुलांसमोर फोडायचं नाही. आधी एकटं बसून जुळवायचं. ज्याचं आलं नाही त्याच्या मित्राचं काय झालंय ते फोन करून विचारायचं, आजारी आहे, गावाला गेलाय, जे असेल ते, आणि समोरच्या मॅडमनी त्या मुलाला स्वतः चार ओळी लिहायच्या, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. वाटप त्या चार ओळी आल्यावरच. दोन दिवस उशीर झाला तर होऊ दे.

याच कारणासाठी भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा कापडी खिसा लावायची जी आयडिया फिरते ती मला अजिबात मान्य नाही. दिसायला छान दिसतं, पण ज्याचा खिसा रिकामा तो दिवसभर तिकडेच बघत बसतो आणि बाकीचेही बघतात. आमच्या पत्रकोपऱ्यात चपलांचे दोन खोके आहेत, एक जाणाऱ्या पत्रांचा, एक आलेल्या, शेजारी जुनी बस्करपट्टी, खडूच्या रिकाम्या डब्यात पेन्सिली आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यात दोन्ही गावांना टाचणी लावून दोरा बांधलाय. बस. कोपरा खिडकीजवळ घ्या म्हणजे लाइट गेली तरी वाचता येतं.

आलेलं पत्र मुलाला विचारल्याशिवाय परिपाठात मोठ्याने वाचायचं नाही. वाचा म्हणाला तर जरूर वाचा.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं पत्र थांबवायचं नाही. जाताना शिक्षण हमी पत्रक (मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद) देतो तेव्हाच पालकांना कोणत्या कारखान्याकडे चाललात ते विचारून ठेवते. मूल तिथल्या शाळेत जायला लागलं की त्या शिक्षकांचा नंबर मिळवते आणि कोकणातून आलेल्या पत्राचा फोटो त्यांना पाठवते. शाळेत जात नसेल तर तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवर रात्री फोन लावून पत्र वाचून दाखवते, ते मूल सांगतं ते लिहून घेते आणि तेच त्याचं उत्तर म्हणून जातं. फडावरून गेलेल्या पत्रांना तिकडून सगळ्यात लांब उत्तरं येतात. कोयता केवढा असतो, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) पाऊस आला तर काय करता, उसाचं पान कापतं का, हे त्या मुलांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं.

वर्षाअखेर

पत्रं मुलांची आहेत, एप्रिलमध्ये ज्याची त्याला घरी न्यायला द्या. केंद्रप्रमुखांना दाखवायला म्हणून फाइल करून कपाटात ठेवू नका, त्यांना कोपरा दाखवा, त्यांच्यासमोर मुलांना बोलतं करा.

चौथी झाली की आमची मुलं दुसऱ्या शाळेत जातात, तेव्हा मार्चच्या पत्रात ज्याने त्याने ते लिहायचंच, नाहीतर जूननंतर समोरून त्याच्या नावाने पत्र येत राहतात आणि पोर वर्गात नसतं. पाचवीला प्रवेश झाला की नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना विचारते, ते हो म्हणाले तर त्या शाळेचा पत्ता कोकणातल्या मॅडमना कळवते, आणि नाही म्हणाले तर आमच्याच शाळेच्या पत्त्यावर पत्र मागवून भावंडाच्या हाती पोचवते.