घरात पाणी शिरल्यावर विम्याचा क्लेम कसा करावा: कारण लिहिताना चुकू नका

गेली बारा वर्षं मी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळतोय. या काळात पाण्याने झालेल्या नुकसानीचे पंधरा-सोळा क्लेम माझ्या हातून गेले. त्यातला पहिला माझ्याच घराचा होता. दर वेळी कुणीतरी 'क्लेमच्या दहा सोप्या पायऱ्या' वाचून येतं: कंपनीला कळवा, फोटो काढा, फॉर्म भरा, नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरची वाट पाहा. हे चुकीचं नाही, पण यातल्या कुठल्याच पायरीवर क्लेम अडत नाही. तो अडतो पाणी कसं आलं हे सांगताना, आणि नेमकं त्याबद्दल त्या याद्यांत एक अक्षर नसतं. म्हणून बाकीचं मी थोडक्यात सांगतो आणि त्या एका टप्प्यावर सविस्तर बोलतो.

पहिला तास

मेन स्विच बंद करा, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, माणसांना कोरड्या खोलीत न्या. मग काहीही आवरण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. पार्किंगमध्ये गाडी बुडाली असेल तर ती चालू करू नका. तिचा क्लेम मोटार पॉलिसीत वेगळा होतो, त्याची घराच्या क्लेममध्ये सरमिसळ नको.

पॉलिसी हुडकून काढा

'आमच्याकडे विमा नाही' असं म्हणणाऱ्या अनेकांच्या गृहकर्जाच्या फाइलमध्ये पॉलिसी निघते. कर्ज घेतानाच बँकेने ती काढायला लावलेली असते. मात्र नीट बघा. कर्जदाराच्या जिवाचा विमा वेगळा आणि घराचा वेगळा, आणि फाइलमध्ये बहुतेक वेळा दोन्ही शेजारी शेजारी असतात.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावीच लागते. तिच्यात इमारतीचा विमा असेल तर घरातलं सर्वसाधारण सामानही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप धरलेलं असतं. दागिने त्यात येत नाहीत, त्यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. घर राहण्याजोगं उरलं नसेल तर दुरुस्ती होईपर्यंतच्या भाड्याचीही तरतूद या पॉलिसीत आहे आणि ती मागायला लोक विसरतात. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. त्यामुळे 'एक कोटीचा फ्लॅट आणि विमा फक्त वीस लाखांचा' म्हणून घाबरून जाऊ नका.

सोसायटीने इमारतीचा वेगळा विमा काढलेला असेल तर तोही विचारून घ्या. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून पूर्ण मिळत नाहीत, आणि दुसरी पॉलिसी लपवली असं दिसलं तर कंपनीचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

पाणी कसं आलं: खरा क्लेम इथे आहे

आता मुद्द्याचं. घराचा विमा 'पाण्याने झालेलं नुकसान' भरून देत नाही. पॉलिसीत ठरावीक आपत्तींची यादी असते आणि नुकसान त्यातल्या एकीमुळेच व्हावं लागतं. आपल्या कामाच्या तीन आहेत: पूर किंवा पाणी तुंबून घरात शिरणं, वादळ, आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं. इंग्रजी पॉलिसीत शेवटचीसाठी 'बर्स्टिंग ऑर ओव्हरफ्लोइंग' असे शब्द असतात. या यादीत ओल नाही. झिरप नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्यामुळे दर पावसाळ्यात छताला पडणारा डाग नाही. ते देखभालीचं काम आहे आणि त्यासाठी सोसायटीकडेच अर्ज करा. तसा क्लेम करून तुमचे तीन महिने जातील आणि हाती नकाराचं पत्र येईल.

माझं काय झालं ते सांगतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रात्री वरच्या फ्लॅटच्या बेसिनचा कनेक्शन पाइप अँगल कॉकपाशी तुटला. वरचं कुटुंब गावाला गेलेलं. पहाटे आमच्या बेडरूमचं पीओपी खाली आलं, कपाट फुगलं, गाद्या वाया गेल्या. मी घाईघाईने हेल्पलाइनला फोन केला आणि म्हणालो, 'वरून लीकेज झालंय, भिंतीला ओल आली आहे.' समोरच्या माणसाने त्याच्या भाषेत 'सीपेज', म्हणजे झिरप, अशी नोंद केली. त्या एका शब्दाने मला पाच महिने फिरवलं.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आले. तोपर्यंत वरच्यांनी प्लंबर बोलावून पाइप बदलला होता आणि जुना तुकडा कचऱ्यात गेला होता. मी फरशी पुसून, पीओपीचे तुकडे गोणीत भरून खोली लख्ख केली होती. सर्व्हेअरना दिसली ती फक्त ओली भिंत, आणि कागदावर शब्द होता सीपेज. क्लेम नाकारला गेला: हळूहळू झिरपलेलं पाणी, अचानक घडलेली घटना नाही. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून दुसरा निष्कर्ष निघणार तरी कसा? पुढे प्लंबरचं लेखी निवेदन, वॉचमनच्या रजिस्टरमधली पहाटे पाणी बंद केल्याची नोंद आणि सोसायटीचं पत्र जोडून मी पुन्हा अर्ज केला. बरेच पैसे मिळाले, सगळे नाहीत. पीओपी पडलं हे दाखवणारा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

तेव्हापासून मी शेजाऱ्यांना फोनवर मोघम बोलू देत नाही. आधी कागदावर दोन वाक्यं लिहायची. त्यात चार गोष्टी हव्यात: दिवस आणि वेळ, कुठली वस्तू, तिला काय झालं, आणि पाणी कुठल्या वाटेने कुठे पोचलं. उदाहरणार्थ: 'दिनांक १२ जुलै रोजी रात्री अडीचच्या सुमारास वरच्या फ्लॅटमधल्या बेसिनचा कनेक्शन पाइप अचानक फुटला. ते पाणी स्लॅबमधून उतरून आमच्या बेडरूमचं पीओपी पडलं आणि कपाट, गाद्या व वायरिंग भिजलं.' हीच वाक्यं फोनवर वाचून दाखवा, ईमेलमध्ये टाका, फॉर्ममध्ये लिहा, सोसायटीच्या पत्रातही तीच येऊ द्या. एका कागदावर 'पाइप फुटला', दुसऱ्यावर 'गळती' आणि तिसऱ्यावर 'पावसाचं पाणी' असं झालं की सर्व्हेअरला प्रश्न पडणारच. फोन केला तरी ईमेल हवाच, कारण समोरच्याने काय टिपून घेतलं हे तुम्हाला दिसत नाही.

मग पुरावा. फुटलेला पाइप, तुटलेला कॉक, टाकीचा निकामी बॉल व्हॉल्व्ह, जे असेल ते पिशवीत घालून जपून ठेवा. वरच्या घरात घडलं असेल तर शेजाऱ्यांना लगेच गाठा आणि तो तुकडा मागून घ्या. जागेवर असतानाच त्याचा फोटो काढा. प्लंबरकडून बिलावर लिहून घ्या की त्याने काय पाहिलं आणि काय बदललं. नुसतं 'प्लंबिंग काम' असं बिल काही उपयोगाचं नाही. पंप वेळेवर बंद न केल्यामुळे टाकी भरून वाहिली असेल तर सोसायटीने तसं स्पष्ट लिहून द्यावं. काही कमिट्या अंगावर येईल या भीतीने पत्र द्यायला कचरतात. मी सेक्रेटरी म्हणून सांगतो, घडलेली गोष्ट लिहून देणं हे कमिटीचं कर्तव्य आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही करू देत नाही. मुळात जुनी ओल असताना 'पाइप फुटला' असं लिहायचं नाही. जुनी ओल भिंतीवर वाचता येते. लोणा लागलेला असतो, रंगाचे पोपडे सुटलेले असतात, डागाच्या कडेबाहेर दुसरी कड असते, कोपऱ्यात काळी बुरशी असते. अचानक आलेल्या पाण्याने प्लाय फुगतो, सनमायका सुटतो, पण भिंतीवर अशी वर्षानुवर्षांची वलयं नसतात. अनुभवी सर्व्हेअरला हा फरक दारातूनच दिसतो, आणि खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर सगळाच क्लेम जातो. त्याच भिंतीवर आधीची थोडी ओल असेल तर आपणहून दाखवा: हा डाग जुना, याचे पैसे मी मागत नाही, आणि हे परवाच्या रात्रीचं. असं सांगितलेले क्लेम मी सुरळीत पार पडताना पाहिले आहेत. झिजलेला पाइप बदलण्याचा खर्चही मागू नका, पाण्याने जे बिघडलं त्याचे मागा.

पूर असेल तर

पुरात कारण सिद्ध करणं सोपं असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात किंवा २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तरी भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला आले की हजर राहा आणि प्रत मिळवा. पंचनामा सरकारी मदतीसाठी होतो, पण तुमच्या पत्त्यावर त्या दिवशी पाणी होतं याचा तो सरकारी कागद आहे. पुरात खरी अडचण येते ती यादीची. चिखलात काय काय गेलं हे आठ दिवसांनी आठवत नाही, त्यामुळे खोलीवार यादी त्याच संध्याकाळी करा.

आवरायचं किती?

'सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनेच तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. पाणी उपसा, पंखे लावा, गाद्या उभ्या करा, गळती थांबवा. पण काही फेकायचं नाही आणि कायमची दुरुस्ती करायची नाही. खराब वस्तू बाल्कनीत रचून ठेवा. वास सुटलाय, ठेवणं अशक्य आहे, तर कंपनीला ईमेल करा की अमुक वस्तू आरोग्याच्या कारणास्तव टाकाव्या लागत आहेत, फोटो सोबत जोडले आहेत.

सर्व्हेअर आल्यावर

सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो. तो विमा नियामकाचा, म्हणजे इर्डाईचा परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो आणि नुकसानीचा आकडा तो सुचवतो. शक्य तर घरातल्या ज्या व्यक्तीने पाणी पाहिलं तीच त्याच्याशी बोलू दे. एजंटला पुढे करू नका, त्याने काहीच पाहिलेलं नसतं. पाइपचा तुकडा, फोटो, वस्तूंची यादी, जमतील ती बिलं आणि सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन यांची वेगवेगळी कोटेशन्स तयार ठेवा. 'पाणीनुकसान दुरुस्ती, एकरकमी' असं एकच कोटेशन दिलंत तर काटछाट कुठे आणि का झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. किती चौरस फूट पीओपी, कपाटाचं कुठलं दार, किती फूट वायर, असं लिहून घ्या.

'कापतातच, म्हणून दुप्पट सांगा' असं सांगणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. एक दर फुगवलेला सापडला की बाकीचे खरे दरही संशयात येतात. वस्तू भंगारात विकली तर येणारी किंमत वजा होते, ती आधीच विचारून ठेवा. भेट संपली की त्याच दिवशी सर्व्हेअरला ईमेल करा: काय दाखवलं, कुठले कागद दिले, अजून काय हवं आहे. अहवालाची प्रतही लेखी मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

फॉर्म

भारत गृह रक्षामध्ये क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत भरून द्यायचा. त्यात अवघड काही नाही, फक्त कारणाच्या रकान्यात तीच दोन वाक्यं उतरवा.

पैसे कमी आले किंवा नकार आला

रकमेसोबत डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे पैसे मिळाल्याची पावती, सहीसाठी येतं. आकडा पटत नसेल तर 'पूर्ण आणि अंतिम' वर मुकाट्याने सही करू नका. 'हरकत राखून स्वीकारत आहे' असं लिहून सही करा आणि त्याच दिवशी तसा ईमेलही पाठवा. गृहकर्ज चालू असेल तर इमारतीच्या नुकसानीची रक्कम बँकेच्या नावे जाऊ शकते, तेव्हा बँकेशी आधीच बोलून ठेवा.

नकार आला तर पत्रात पॉलिसीचं कुठलं कलम दिलंय ते शोधा आणि उत्तर त्या कलमापुरतंच द्या. अन्याय, मनस्ताप, इतक्या वर्षांचे हप्ते, हे त्यात नको. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. इर्डाईच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत, पुण्यात आणि ठाण्यात कार्यालयं आहेत, गोव्याचं काम मुंबईकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जावं लागतं. आमच्या सोसायटीतले दोघं गेले होते. एकाला पूर्ण रक्कम मिळाली. त्याच्याकडे अँगल कॉकचा तुटलेला तुकडा होता, पिशवीवर तारीख घातलेली. दुसऱ्याला काही मिळालं नाही, कारण त्याच्या पहिल्या ईमेलमध्ये 'गेल्या काही महिन्यांपासून' असे शब्द होते.