पाड्यावरच्या शाळेसाठी निधी कसा मिळवावा

धडगाव, मेळघाट किंवा भामरागडच्या आतल्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांसाठी योजना नाहीत असे नाही. बऱ्याचदा अर्ज चुकीच्या दारात जातो, नाहीतर बरोबर दारात चुकीच्या महिन्यात. शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापक आणि मदतीला येणारी संस्था या तिघांनी मिळून पुढच्या क्रमाने जावे.

१. गरज आकड्यांत मांडा

‘छत गळते, मदत व्हावी’ एवढ्यावर पैसे मिळत नाहीत. ‘पहिली-दुसरीच्या खोलीचे २४ पैकी ७ पत्रे फुटले आहेत, पावसाळाभर चारही वर्ग एकाच खोलीत बसतात’ असे लिहिले की समोरच्याला काम दिसते. शिकण्याची गरजही अशीच मोजायची. जुलैत प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला द्या आणि तो अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठे अडतो ते नोंदवा. पट २८ असेल तर दोन दिवसांत होते. वर्षअखेरीस देणगीदार ‘फरक काय पडला’ असे विचारतो, तेव्हा हाच तक्ता कामी येतो.

यानंतर शाळेची यू-डायस प्लसवरची (शाळांची माहिती नोंदवणारी सरकारी ऑनलाइन प्रणाली) माहिती उघडून बघा. शौचालय वर्षभर बंद असते, पण माहिती भरताना ‘आहे, वापरात आहे’ असे नोंदवलेले असते. पडताळणी करणारा शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून तेच वाचतो आणि मागणी बाजूला ठेवतो. आधी केंद्रप्रमुखांमार्फत दुरुस्ती, मग अर्ज.

२. ठराव घ्या

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचेच काम. बैठक शेतीच्या हंगामात दुपारी ठेवली तर कोणी येत नाही, संध्याकाळी ठेवा. ठरावात काम, अंदाजे रक्कम आणि देखभाल कोण करणार ही तिन्ही वाक्ये हवीत. तिसरे वाक्य बहुतेक ठरावांत नसते.

३. योग्य दार निवडा

समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. यात खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल भागते. खोली बांधण्याची आशा यातून धरू नये.

पाणी आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीकडे जा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेलाच बांधलेला होता, तरी शाळेचे नाव ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नसायचे, कारण ग्रामसभेत कोणी मागितलेच नव्हते. आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. ठराव त्याआधी हातात हवा. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेली गावे) ५ टक्के अबंध निधीतही, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशातही, आरोग्य-शिक्षणाचा वाटा असतो. तो ग्रामसभेच्या हातात आहे, तिथे कंपनीपेक्षा लवकर काम होते.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हे मोठे दार, पण वाट वळणाची. कंपनी एक तर वस्तू स्वतः घेऊन देते, नाहीतर १२-ए, ८०-जी (दोन्ही प्राप्तिकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे काम घेण्यासाठीची) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत काम करते. समितीकडे ही नोंदणी नसते, म्हणून जोडीदार संस्था आधी शोधा. शिक्षणाचे दीर्घ काम (मुलांच्या पावरी, कोरकू, माडिया बोलीतून मराठीकडे नेणारी स्थानिक शिक्षणसहायक, तिचे मानधन) एप्रिल ते जूनमध्ये मांडा, तेव्हा वर्षाची कामे ठरत असतात. जानेवारीनंतर उरलेला पैसा झटपट मिळतो खरा, पण तो वस्तूंनाच मिळतो. आमच्या मते एका टीव्हीपेक्षा दोन वर्षांचे मानधन कितीतरी मोलाचे. मागणीपत्रात तेच वर लिहा.

रोख नको, वस्तू किंवा स्वयंसेवक हवेत, तर विद्यांजली या सरकारी पोर्टलवर शाळेची गरज नोंदवा.

४. अंदाजपत्रक: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

सौर संच मागायचा तर आधी वापर मोजा. १२० वॉटचा टीव्ही ३ तास, २० वॉटच्या ४ ट्यूब ६ तास, ७५ वॉटचे २ पंखे ६ तास. सगळे मिळून दिवसाला सुमारे पावणेदोन युनिट. एक किलोवॉटचा संच उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे ढगाळ दिवसांनाही काही शिल्लक राहते. पुरवठादार तीन किलोवॉट सुचवेल, हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा. आणि बॅटरी! लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार हे ठरले नाही, की दोन पावसाळ्यांत संच नुसता शोभेचा होतो. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, त्याची तरतूद पहिल्याच दिवशी लिहा.

तीन दरपत्रके घ्या. दर जीएसटीसह आणि ‘पाड्यापर्यंत पोच’ असा मागा, नाहीतर माल तालुक्याच्या गावी उतरवून गाडी परत जाते आणि पुढचे भाडे, हमाली शाळेच्या अंगावर येते. पत्रे, रंग, सिमेंटची कामे मेअखेर संपतील अशी आखा. जूननंतर ओढे भरले की टेम्पो जात नाही.

५. पैसे आल्यावर

निधी ज्या कामासाठी आला, त्याच कामावर खर्च करा. वाचनालयाचे पैसे कुंपणाला वापरले तर कुंपण चांगले असूनही लेखापरीक्षणात आक्षेप येतो. बदल करायचाच असेल तर देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्या. प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही) चढवा आणि नोंदीचा क्रमांक वस्तूवर रंगाने लिहा. काम सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून काढा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) बिलांच्या प्रतींसह ठरल्या मुदतीत पाठवा. ते राहिले की पुढचा हप्ता अडतो. मुख्याध्यापकांची बदली होणार असेल तर कार्यभार सोपवताना ही फाईल यादीत नावानिशी लिहून घ्या. त्या दोन-तीन महिन्यांत कागद हरवण्याची शक्यता सर्वात जास्त असते.